भारतीय हौशी बॉक्सिंग महासंघ ते बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात बॉक्सिंगची राष्ट्रीय संघटना नेमकी कधी सुरू झाली?

१९४९ साली. तेव्हाचं नाव इंडियन अॅमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन, म्हणजे भारतीय हौशी बॉक्सिंग महासंघ. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा त्यानंतर वर्षभराने, १९५० मध्ये, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. आज आपण ब्रेबॉर्न म्हटलं की क्रिकेटच म्हणतो, पण देशातल्या बॉक्सिंगची पहिली राष्ट्रीय घंटा तिथे वाजली.

आजची संघटना मात्र ती नाही. जुन्या महासंघाची आंतरराष्ट्रीय मान्यता २०१४ मध्ये कायमची गेली, त्यानंतर 'बॉक्सिंग इंडिया' नावाची संघटना आली, ती वर्षभरही टिकली नाही. मग अस्थायी समिती, आणि २०१६ पासून बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया, म्हणजे बीएफआय. त्यामुळे 'महासंघ पंचाहत्तर वर्षांचा' असं कुणी म्हणालं तर 'कुठला महासंघ?' असं विचारायला हरकत नाही.

१९४९ च्या आधी काय होतं?

प्रांतोप्रांतीच्या संघटना होत्या. बॉम्बे प्रेसिडेन्सी अॅमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन १९२५ मध्ये स्थापन झाली आणि देशात या खेळाला नियमांत बसवणारी पहिली संस्था म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. दुसरं मोठं केंद्र कलकत्ता. तिथे केंब्रिजला शिकून आलेले परेशलाल रॉय यांनी बंगाली तरुणांना रिंगमध्ये उतरवलं. भारतीय बॉक्सिंगचे जनक म्हणून त्यांचाच उल्लेख होतो.

खेळ आला तो इंग्रजी फौजेबरोबर. छावण्या, रेल्वेच्या वसाहती, अँग्लो-इंडियन मुलांच्या शाळा, जिमखाने हे त्याचे अड्डे. इंग्लंडमध्ये हौशी बॉक्सिंगची संघटना १८८० मध्येच उभी राहिली होती, तेव्हा इथल्या प्रांतिक संघटनांना नियम आणि वजनगट नव्याने शोधावे लागले नाहीत.

म्हणजे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा बॉक्सिंग संघ राष्ट्रीय महासंघाशिवाय गेला?

हो, महासंघाच्या जन्माच्या आधीच सात बॉक्सर लंडनला पोचले होते. रॉबिन भट्टा, बिनॉय बोस, रॉबर्ट क्रॅन्स्टन, मॅक जोआकिम, बाबू लाल, जॉन नटॉल आणि जीन रेमंड. ही नावं मोठ्याने वाचा, त्या काळचं भारतीय बॉक्सिंग कुणाच्या हातात होतं ते लगेच कळतं: अर्धं कलकत्ता आणि अर्धा अँग्लो-इंडियन समाज.

बाबू लालने पहिल्या फेरीत पाकिस्तानच्या अॅलन मॉनला हरवलं. फाळणीला वर्ष झालं होतं, आणि लंडनच्या रिंगमध्ये दोन नव्या देशांचे बँटमवेट, म्हणजे हलक्या वजनगटातले बॉक्सर, समोरासमोर. पुढच्या लढतीत पोर्तो रिकोच्या हुआन व्हेनेगासने त्याला बाहेर काढलं.

१९५२ च्या हेलसिंकीला चार जण गेले. त्यानंतर ऑलिंपिकच्या रिंगमध्ये भारतीय बॉक्सर दिसला तो थेट १९७२ च्या म्युनिकला. नवा महासंघ स्थापन झाल्यावर लगोलग वीस वर्षांची ही पोकळी आहे, आणि महासंघाच्या गौरवपर इतिहासात तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही.

जन्म मुंबईचा, मग मुंबईची बॉक्सिंग गेली कुठे?

माझं मत सांगतो. मुंबईत हा खेळ क्लब आणि जिमखान्यांचा होता, तो पोटापाण्याचा कधी झाला नाही. इंग्रज गेले, अँग्लो-इंडियन कुटुंबं मोठ्या संख्येने परदेशी गेली आणि क्लबांमधली गर्दी पातळ झाली. त्याच वेळी सैन्यदलात बॉक्सर असणं म्हणजे नोकरी, खुराक, बढती. रेल्वेतही तसंच. खेळ ज्याला पोसतो त्याच्याकडे जातो. राष्ट्रीय स्पर्धांवर वर्षानुवर्षं सेनादलाचा, म्हणजे सर्व्हिसेसचा, वरचष्मा राहिला तो यामुळे.

मुंबईकडे उरलं ते प्रशासन. पुढे वाचाल तेव्हा दिसेल की या संघटनेची जवळपास प्रत्येक नवी सुरुवात मुंबईतल्या एखाद्या बैठकीत झाली आहे. पंच आणि प्रशासक म्हणून अनेक वर्षं वावरलेले किशन नरसी मुंबईचे. दोन वेगवेगळ्या संघटनांचे सरचिटणीस झालेले जय कवळी महाराष्ट्राचे. रिंगमध्ये हरियाणा आणि मणिपूर, टेबलापाशी मुंबई, असा हा प्रकार आहे. पुण्याचं आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट त्याला अपवाद. तिथे आजही बॉक्सर घडतात, पण ते पुन्हा सैन्याचंच.

पहिली मोठी आंतरराष्ट्रीय पदकं कुणाची?

१९५८ च्या टोकियो आशियाई खेळांत हरी सिंगने रौप्य आणि सुंदर रावने कांस्य मिळवलं. पहिलं सुवर्ण १९६२ ला जकार्तात, पदम बहादूर मल्ल या गोरखा जवानाचं. स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणूनही त्याचीच निवड झाली.

मग हवा सिंग. हेवीवेट, सैन्यातला, हरियाणातल्या भिवानीचा. १९६६ आणि १९७० अशा सलग दोन आशियाई स्पर्धांत सुवर्ण, दोन्ही बँकॉकला. राष्ट्रीय अजिंक्यपद सलग अकरा वर्षं सोडलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी भिवानीत मुलं तयार करायला घेतली. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला, पण तो हातात पडायच्या काही दिवस आधी, ऑगस्ट २००० मध्ये त्यांचं निधन झालं.

१९८२ च्या दिल्लीत कौर सिंगने हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. त्याआधी १९८० मध्ये दिल्लीतच ते मुहम्मद अलीबरोबर प्रदर्शनीय लढत खेळले होते. ते छायाचित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच.

डिंको सिंगला संघातून वगळलं होतं, हे खरं?

खरं. १९९८ च्या बँकॉक आशियाई खेळांसाठी त्याचं नाव आधी यादीत नव्हतं, शेवटच्या टप्प्यात ते घालण्यात आलं. मणिपूरचा हा पोरगा तिथे गेला, उपांत्य फेरीत यजमान थायलंडच्या सोनताया वाँगप्राटेसला त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं आणि अंतिम लढतीत उझबेकिस्तानच्या तिमूर तुल्याकोव्हला चौथ्या फेरीनंतर उठूच दिलं नाही. बॉक्सिंगमध्ये भारताला १९८२ नंतर मिळालेलं ते पहिलं आशियाई सुवर्ण. ज्याचं नाव यादीत नव्हतं त्याने ते आणलं, एवढं निवड समित्यांनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. डिंको २०२१ मध्ये गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी.

विजेंदर, भिवानी, बीजिंग: याचं श्रेय महासंघाला द्यायचं का?

थोडं. बीजिंगला २००८ मध्ये पाच भारतीय बॉक्सर होते, त्यातले चार भिवानीत तयार झालेले. विजेंदर सिंगने ७५ किलो गटात कांस्य मिळवलं, बॉक्सिंगमधलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. अखिल कुमार आणि जितेंदर कुमार उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. या मुलांना घडवलं ते जगदीश सिंग यांच्या भिवानी बॉक्सिंग क्लबने आणि साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्राने.

महासंघाने केलं ते असं: राष्ट्रीय शिबिरं सातत्याने भरवली, गुरबक्षसिंग संधूंना वीस वर्षं मुख्य प्रशिक्षक ठेवलं, त्यांच्या जोडीला क्यूबाचे बी. आय. फर्नांडिस आले, संघ परदेशी स्पर्धांना जाऊ लागला. फर्नांडिस यांना पुढे द्रोणाचार्य मिळाला, तो मिळवणारे ते पहिले परदेशी प्रशिक्षक. म्हणजे काम झालं नाही असं नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तीन सुवर्णं आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई खेळांत दोन. आणि नेमकं त्यानंतर सगळं फिसकटलं.

महिलांचं बॉक्सिंग महासंघाने कधीपासून मनावर घेतलं?

महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेत स्क्रँटन इथे झाली, तिथे मेरी कोमने रौप्य मिळवलं. पुढच्या वर्षी सुवर्ण. २००६ ची जागतिक स्पर्धा महासंघाने दिल्लीत आणली आणि भारताने चार सुवर्णपदकं घेतली. ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग घ्यायचं हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००९ मध्ये ठरवलं, प्रत्यक्षात ते लंडनला २०१२ मध्ये आलं. तोवर मेरी पाच वेळा विश्वविजेती होऊन बसली होती. लंडनला ५१ किलोत कांस्य आणि २०१८ मध्ये दिल्लीतच सहावं विश्वविजेतेपद. टोकियोत लवलिना बोरगोहेनने ६९ किलोत कांस्य आणलं. बॉक्सिंगमधल्या भारताच्या तीन ऑलिंपिक पदकांपैकी दोन बायकांची आहेत.

२०१२ ची बंदी कशामुळे आली?

निवडणुकीमुळे. अभयसिंग चौताला अनेक वर्षं महासंघाचे अध्यक्ष होते. सप्टेंबर २०१२ च्या निवडणुकीत त्यांचे मेहुणे अभिषेक मटोरिया अध्यक्ष झाले आणि चौताला चेअरमन या पदावर आले. जागतिक संघटना आयबाने निवडणुकीत फेरफार झाल्याचा संशय व्यक्त करून डिसेंबरात महासंघाला निलंबित केलं. त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतीय ऑलिंपिक संघटनेलाही निलंबित केलं होतं, आणि तिच्या अध्यक्षपदी निवडून आले होते तेही चौतालाच. क्रीडा मंत्रालयानेही महासंघाची मान्यता काढून घेतली.

सव्वा वर्ष पत्रव्यवहार झाला. मार्च २०१४ मध्ये आयबाने सदस्यत्वच रद्द केलं आणि १९४९ चा महासंघ आंतरराष्ट्रीय नकाशावरून गेला.

बंदी संघटनेवर होती. खेळाडूंना काय फरक पडला?

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बॉक्सर स्वतःचं नाव स्वतः देऊ शकत नाही. प्रवेशिका राष्ट्रीय महासंघाच्या नावाने जाते. महासंघच नसेल तर बॉक्सर असतो, देश नसतो. २०१३ मध्ये अल्माटीच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मुलं आयबाच्या झेंड्याखाली उतरली. शिवा थापाने त्याच वर्षी अम्मानला आशियाई सुवर्ण जिंकलं तेही या बंदीच्या काळातच.

फटका लगेच दिसला नाही, तो पुढच्या पिढीत दिसला. लंडन २०१२ ला आठ भारतीय बॉक्सर होते. रिओ २०१६ ला तीन: शिवा थापा, मनोज कुमार, विकास कृष्ण. महिला एकही नाही, पदकही नाही. कमी स्पर्धा, कमी परदेश दौरे, बाजू मांडायला अधिकृत माणूस नाही. टोकियोला ही संख्या पुन्हा नऊवर गेली, पण मधल्या चार वर्षांत ज्यांचं वय निघून गेलं त्यांचं काय, हा हिशोब कुठल्या वार्षिक अहवालात येत नाही.

सरिता देवीच्या प्रकरणात महासंघाने काय केलं?

आधी काय झालं ते पाहू. इंचिऑन आशियाई खेळ, २०१४, ६० किलो गटाची उपांत्य लढत. समोर यजमान कोरियाची पार्क जी-ना. सरिता लढतीवर पकड ठेवून होती असं बघणाऱ्या बहुतेकांना वाटलं, पंचांनी निकाल पार्कच्या बाजूने दिला. पदक समारंभात सरिता रडत उभी होती. तिने मान पुढे केली नाही, कांस्यपदक हातात घेतलं आणि शेजारी रौप्यविजेती म्हणून उभ्या असलेल्या पार्कच्या गळ्यात घालून ती निघाली. गोंधळलेली पार्क ते परत करायला धडपडत राहिली.

आयबाने तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली. त्या वेळी देशात बॉक्सिंग चालवत होती ती नुकतीच जन्मलेली बॉक्सिंग इंडिया. जिची स्वतःचीच मान्यता ताजी होती ती आयबाशी किती भांडणार? हा प्रसंग लोक सरिताचा राग म्हणून सांगतात. मला तो मागे भक्कम संघटना नसलेल्या खेळाडूचा प्रसंग वाटतो.

बॉक्सिंग इंडिया का टिकली नाही?

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबईत निवडणूक झाली, संदीप जाजोदिया अध्यक्ष आणि जय कवळी सरचिटणीस झाले. आयबाने मान्यता दिली, भारतीय ऑलिंपिक संघटनेने दिली नाही. राज्य संघटनांमध्ये जुन्या महासंघाची माणसं होतीच. मे २०१५ मध्ये अविश्वास ठराव आला, अध्यक्ष गेले, सरचिटणीसही गेले. आयबाने कंटाळून किशन नरसी यांच्या अध्यक्षतेखाली अस्थायी समिती नेमली.

मग आजचा बीएफआय?

२५ सप्टेंबर २०१६, पुन्हा मुंबई. स्पाइसजेट या विमान कंपनीचे अजय सिंग अध्यक्ष, जय कवळी पुन्हा सरचिटणीस. रिओ ऑलिंपिक संपून महिना झाला होता. त्यानंतरची काही वर्षं बरी गेली: सांतियागो निएव्हा यांच्यासारखे परदेशी तज्ज्ञ आले, २०१८ ची महिला जागतिक स्पर्धा दिल्लीत झाली, २०१९ मध्ये अमित पंघालने पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं, जे आधी कुणा भारतीयाला जमलं नव्हतं.

निवडीवरून इतके वाद का होतात?

कारण नियम बदलत राहतात. दोन उदाहरणं पुरेत.

२०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी ५१ किलोत मेरी कोमला निवड चाचणीशिवाय पाठवायचा विचार होता. त्याच गटातल्या निखत झरीनने क्रीडामंत्री किरेन रिजिजूंना उघड पत्र लिहून चाचणी मागितली. २८ डिसेंबरला दिल्लीत चाचणी झाली. मेरी ९-१ ने जिंकली आणि हस्तांदोलन न करता रिंगबाहेर गेली. निखत त्या दिवशी हरली, पण चाचणी झालीच पाहिजे हा तिचा मुद्दा टिकला. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये ती विश्वविजेती झाली.

दुसरं २०२३ चं. महासंघाने एका दिवसाच्या चाचणीऐवजी शिबिरातल्या कामगिरीचं मूल्यमापन करून निवड करायची पद्धत आणली. अमित पंघालसह काही जण न्यायालयात गेले, त्यांना दिलासा मिळाला नाही. पंघालच्या जागी गेलेल्या दीपक भोरियाने जागतिक कांस्य आणलं, म्हणजे पद्धत अगदीच चुकीची नव्हती. पण पॅरिसची जागा शेवटी मिळवली ती पंघालनेच, बँकॉकच्या पात्रता स्पर्धेतून. दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा हा विषय आहे. माझं झुकतं माप चाचणीकडे. चाचणीत हरलेला बॉक्सर निदान कशाने हरला ते स्वतः पाहतो.

अलीकडच्या निवडणुकांचं काय?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अजय सिंग यांनी मुंबईच्या आशिष शेलार यांना ३७-२७ असं हरवलं. २०२५ मध्ये मुदत फेब्रुवारीतच संपली, पण निवडणूक उमेदवारीच्या नियमांवरून न्यायालयात अडकली, मधे अंतरिम समिती आली आणि मतदान झालं ते ऑगस्टमध्ये. अजय सिंग तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले. २०१२ पासून बरंच बदललं, निवडणूक आली की वकील लागतो हे मात्र बदललं नाही.

आयबा, आयबीए, वर्ल्ड बॉक्सिंग: भारत नक्की कुणाबरोबर आहे?

वर्ल्ड बॉक्सिंगबरोबर, २०२४ पासून. आयबा १९४६ ची. तिच्या कारभारामुळे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये तिला निलंबित केलं. नाव बदलून ती आयबीए झाली, तरी जून २०२३ मध्ये मान्यता गेलीच. त्या आधी दोन महिने, एप्रिलमध्ये, वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी जागतिक संघटना स्थापन झाली होती. २०२३ च्या मार्चमध्ये दिल्लीत झालेली महिला जागतिक स्पर्धा आयबीएचीच होती आणि अमेरिका, ब्रिटनसह काही देशांनी तिच्यावर बहिष्कार टाकला होता. भारताने तिथे चार सुवर्णं मिळवली.

लॉस एंजेलिस २०२८ चं बॉक्सिंग वर्ल्ड बॉक्सिंगच्या सदस्य देशांसाठी आहे, तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. पॅरिसहून सहा बॉक्सर रिकाम्या हाताने आले होते, पण सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला वर्ल्ड बॉक्सिंगच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत जैस्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी सुवर्ण जिंकलं.

व्यावसायिक बॉक्सिंगही बीएफआयच बघतो का?

नाही. विजेंदर २०१५ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा तो या चौकटीतून बाहेर पडला. बीएफआयकडे ऑलिंपिक पद्धतीचं बॉक्सिंग आहे: तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, एकेका स्पर्धेत काही दिवसांत चार-पाच लढती. 'हौशी' ही पाटी आता नावातून गेली आहे. तसंही सैन्यात किंवा रेल्वेत बॉक्सिंगसाठीच नोकरीला असलेल्या माणसाला हौशी म्हणणं पूर्वीही जरा सोयीचंच होतं.

माझ्या मुलीला बॉक्सिंग शिकायचं आहे. महासंघाशी कधी संबंध येतो?

थेट येत नाही. आधी क्लब, मग जिल्हा, मग राज्य संघटना. राज्याच्या संघात निवड झाली की राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथे महासंघाची गाठ पडते. राज्यांबरोबर सेनादल, रेल्वे, पोलीस यांचेही संघ असतात. वयोगट साधारण असे: १३-१४ सब-ज्युनिअर, १५-१६ ज्युनिअर, १७-१८ युथ, १९ ते ४० एलिट. क्लब निवडताना एवढंच विचारा की तो जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का आणि ती जिल्हा संघटना राज्य संघटनेशी. संलग्नतेची साखळी तुटलेली असेल तर मुलगी कितीही चांगली असली तरी तिचं नाव वर जात नाही. वयाचा दाखला पहिल्या दिवसापासून नीट ठेवा, वजनाआधी तोच तपासतात.